समुद्राकडे की कोठारांकडे

पोर्ट ट्रेवीन
रविवार, २४ ऑगस्ट १९५८

प्रिय सायलसमामा,

हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं आणि मग त्याची ही नक्कल केली. अक्षर नीट आहे ते त्यामुळे.

कालच्या फुटबॉल मॅचची गोष्ट बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितली असेल, आणि हसत हसत सांगितली असेल. सगळं गाव हसतंय. झालं ते असं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मला अडवणाऱ्या त्यांच्या बॅकचा कोपर माझ्या कानामागे बसला. मी पडलो, उठलो, आमच्या कोच गार्नेटने तोंडावर ओला स्पंज फिरवला आणि मी खेळत राहिलो. तिसऱ्या क्वार्टरला नेहमीप्रमाणे टोकं बदलली, समुद्राकडचं आणि कोठारांकडचं. मी पळत सुटलो, बॉल छातीवर घेतला, वळलो आणि चार खांबांपैकी मधल्या दोन उंच खांबांच्या बरोबर मधून मारला. इतका सरळ बॉल या वर्षात मारला नव्हता. पांढऱ्या कोटातला अंपायर माझ्याकडे बघतच राहिला. ते टोक त्यांनी मारायचं होतं. म्हणजे गोलाचे सहा पॉईंट आम्हाला नाहीतच, उलट एक त्यांना मिळाला, आणि आम्ही त्याच एका पॉईंटने हरलो.

आपण आधीच यादीत सगळ्यात वर होतो, म्हणून लोकांना हसता आलं. आपल्या टीममधला टिच ओरडला, "एल्विन, परतीचं तिकीट काढलंस का रे?" रात्रीच्या जेवणाला क्लबमध्ये माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मीही हसलो.

पण मामा, मला तो गोल आठवत नाही. कोपर लागला ते आठवतं, आणि त्यानंतर एकदम संध्याकाळी आईच्या हातचं सूप आठवतं. मधलं सगळं मला टिचने सांगितलं. तेच मी तुम्हाला वर लिहिलं आहे, जणू माझ्याच डोळ्यांनी पाहिलेलं.

अजून एक. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे सगळ्या गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या असतात आणि गोल झाला की सगळे हॉर्न वाजतात. लहानपणापासून मला तो आवाज जगातला सगळ्यात गोड आवाज वाटायचा. आज सकाळी चर्चबाहेर कोणीतरी एकच हॉर्न वाजवला आणि मी भिंतीला धरून उभा राहिलो. डोक्याच्या आतून कोणी पत्रा कापत असल्यासारखं झालं.

क्लबमधल्या बोर्डावर सुरुवातीपासूनच्या सगळ्या गोल मारणाऱ्यांत तुमचं नाव पहिलं आहे. ४१८. माझे ४१५ झाले. अजून चार मारले की मी तुमच्या वर जाईन. पेंटरने सोनेरी रंग आणूनही ठेवला आहे. तुमच्या नावाच्या वर त्याने माझं नाव खडूने आखून ठेवलंय, आकडा तेवढा मोकळा सोडलाय. मला बोलावून त्याने विचारलं, "स्पेलिंग बघ रे बाबा, तू लिहिण्यावाचण्यातला." बरोबर होतं.

मामा, मी खेळू की नको? हे मी फक्त तुम्हालाच विचारू शकतो. आजवर त्या जागेवर तुम्हीच उभे राहिला आहात.

तुमचा भाचा,
एल्विन रॉडा


ॲडलेड
२८ ऑगस्ट

अरे एल्विन,

तुझं पत्र आहे की वकिलाची नोटीस? एवढं नीटनेटकं लिहितोस, तर डोकं दुखणारच!

चार गोल राहिलेत म्हणे. भ्यायचं काय त्यात? खेळायचं! मी येणार आहे बघायला. माझ्या वर कोण बसतंय ते मला या डोळ्यांनी बघायचंय, आणि बसलास तर तुझ्या कानाखाली एक देऊन मगच हात मिळवीन.

डोक्याचं मला सांगू नकोस. एकतीस सालची फायनल. पहिल्याच क्वार्टरला भुवई फुटली, डोळ्यात रक्त. नर्सने पट्टी बांधली, मी ती उपटून फेकली आणि अकरा मारले. अकरा! सातवा तर पार कुंपणाजवळून, डाव्या पायाने, वारा तोंडावर. समुद्राकडच्या टोकाला एक म्हातारा टोपी उडवायला गेला आणि टोपी गेली ती पाण्यात. एक न् एक गोल डोळ्यांसमोर आहे माझ्या. माणूस पडतो, उठतो. घोड्याचंही तसंच असतं.

हॉर्नला भितोस? लांब कानांचा ससा आहेस तू. तुझ्या आईला सांग, मटणाच्या पेस्टीत कांदा जास्त घाल, भित्रेपणा जातो.

निपला माझ्याकडून एक मोठं हाड दे.

मामा


पोर्ट ट्रेवीन
रविवार, ३१ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून धीर आला. ते खिशात घालूनच कालची सेमीफायनल खेळलो.

आपण जिंकलो, पण मी एकही गोल मारला नाही. बॉल माझ्याकडे येत होता. प्रत्येक वेळी हात अर्धा क्षण उशिरा वर करत होतो. मुद्दाम. गोल झाला तर हॉर्न वाजतील, एवढंच मनात होतं. गोल मारायला उभा असलेला माणूस गोलाला भितो, हे मी कोणाला सांगू? दुसऱ्यांच्या गोलांना हॉर्न वाजत होतेच; दोनदा तर मैदान एका अंगाला कललं आणि खांब चाराचे आठ झाले.

गावाने मात्र वेगळाच अर्थ काढला. टिच म्हणतो, "लबाडा, फायनलसाठी राखून ठेवलेस ना? मामासमोर मारायचे म्हणून?" धक्क्यावर सातूची पोती चढवणारे सगळे तेच म्हणतात. बाबांनीही पाठ थोपटली. 

बुधवारी डॉक्टर गावात आले होते. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "मग, किती मारणार शनिवारी?" गार्नेटला मी सांगून पाहिलं की डोकं दुखतं. तो म्हणाला, "डोक्याने कधीपासून खेळायला लागलास तू? पायाने खेळ."

मामा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही निपला हाड द्यायला लिहिलं आहे. निप ईस्टरलाच गेला. तुम्ही तेव्हा इथेच होतात. मागच्या अंगणात खड्डा तुम्हीच खणलात, आणि मी दगड आणले. तुम्ही गंमत केली असणार. मला गंमत लवकर कळत नाही.

फायनल तेरा तारखेला, आपल्याच मैदानावर.

तुमचा,
एल्विन


ॲडलेड
२ सप्टेंबर

एल्विन बाळा,

तुझ्या मामांना हे पत्र माहीत नाही. ते शेजारच्या बागेत आहेत, म्हणून घाईत लिहितेय. तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. आता त्यांची सगळी पत्रं मीच आधी वाचते. का ते सांगते.

त्यांनी केली ती गंमत नव्हती.

गेल्या शनिवारी ते सकाळपासून जुने बूट घालून पायरीवर बसले होते. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, "गार्नेटचा बाप न्यायला येतोय, आज मॅच आहे." गार्नेटचा बाप लढाईच्या आधीच गेला, तुला माहीत आहे. जुलैत स्टेशनवर गेले होते, पोर्ट ट्रेवीनचं तिकीट मागत होते. शेजाऱ्याने परत आणलं. किटली कोरडीच चुलीवर ठेवतात. माझं नाव अजून विसरलेले नाहीत. वय बावन्न. लोकांना मी सांगते, त्यांना ऐकू कमी येतं.

आता एकतीस सालचं. मी तिथे होते. आमचं लग्न व्हायचं होतं, तुझी आई आणि मी एकाच कोटात दोघी उभ्या होतो. अकरा गोल त्यांनी मारले, हे खरं. टोपी पाण्यात पडली, हेही खरं. पण त्यांना त्यातलं काही आठवत नाही, एल्विन. कधीच आठवलं नाही. त्या संध्याकाळी घोडागाडीतून परत येताना मांडीवर जिंकलेला कप होता, आणि मला म्हणाले, "लव्हिनिया, आज आपण समुद्राकडे मारतोय की कोठारांकडे?" मी हसले. थट्टा करताहेत असं वाटलं. सगळी गाडी हसली. पुढचं वर्षभर लोकांनी त्यांना त्या मॅचची गोष्ट सांगितली. हळूहळू ती त्यांचीच झाली. सातव्या गोलाची टोपीसुद्धा मीच सांगितलेली आहे.

त्यानंतर ते पाच वर्षं खेळले. किती वेळा पडले ते कोणी मोजत नव्हतं, गोल मोजत होते.

एवढं सगळं तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं. पण तू लिहिलंस, "जणू माझ्याच डोळ्यांनी पाहिलेलं", आणि माझ्या हातातली बशी खाली पडली.

खेळू नकोस, बाळा.

तुझी मामी,
लव्हिनिया


पोर्ट ट्रेवीन
५ सप्टेंबर

प्रिय मामी,

तुमचं पत्र मी पिठाच्या कोठारामागे बसून वाचलं. तीनदा वाचलं. मग जाळलं, कारण आईला ते सापडू नये. ती मामांची बहीण आहे. आता वाटतं, जाळायला नको होतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी उठलो की अंथरुणातच स्वतःची परीक्षा घेतो. आज वार कोणता. काल काय जेवलो. धक्क्यावर कोणती बोट लागली आहे. मग बोर्डावरची रंगवलेली नावं वरपासून खालपर्यंत म्हणतो, कारण ती मला शाळेच्या कवितेसारखी पाठ आहेत. सायलस पेंगली. मग जोसाया बेनेट, जो लढाईतून परत आला नाही. मग हार्वी ओट्स, जो पाद्री झाला. काल तिसऱ्या नावाशी अडलो. नुसतं अडलो, पण अंगाला घाम फुटला. मग आठवलं.

मी खेळणार नाही असं गार्नेटला सांगायला काल संध्याकाळी निघालो होतो. क्लबच्या दारात कमिटीचे सगळे उभे होते. सेक्रेटरी म्हणाले, "बरं झालं आलास! तुझ्या मामांना तार केली आपण. पहिल्या रांगेत गाडी, आणि चौथ्या गोलाला पहिला हॉर्न त्यांच्या हाताने." सगळे टाळ्या वाजवत होते. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांच्या डोळ्यांत मी पाणी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या तोंडून निघालं, "छान होईल."

मामी, मला खेळायची भीती वाटते आणि न खेळायचीही वाटते. कोणती मोठी, ते समजत नाही. तुम्ही त्यांना आणू नका. त्यांना सर्दी झाली आहे असं कळवा.

एल्विन


ॲडलेड
९ सप्टेंबर

एल्विन,

तार आली! तुझी मामी म्हणते मला सर्दी झालीय. कसली सर्दी? येणार म्हणजे येणार. बूट पॉलिश करून ठेवलेत.

चार गोल राहिलेत म्हणे. भ्यायचं काय त्यात? खेळायचं! निपला हाड दे.

मामा


पोर्ट ट्रेवीन
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय मामी,

काल तुम्ही गेलात तेव्हा नीट बोलता आलं नाही. ट्रेनची वेळ झाली होती आणि मामांनी माझा हात सोडला नव्हता. आज जेवढं आठवतं तेवढं लिहितो. जे दुसऱ्यांनी सांगितलं ते तसं लिहितो.

पहिला गोल मला आठवतो. मारला, बॉल खांबांमधून जाताना पाहिला, आणि हॉर्न वाजायच्या आधीच कानांवर हात दाबून खाली बसलो. लोकांना वाटलं नमस्कार करतोय. आणखी जोराने वाजवले. दुसरा आठवतो. तिसऱ्याच्या आधी मी पडलो होतो म्हणे, दोघांच्या मध्ये सापडून. टिच म्हणतो, छान मारलास. मला नुसता आवाज आठवतो. म्हणजे तेव्हा ४१८ झाले होते. मामा आणि मी बरोबरीत.

मग तिसऱ्या क्वार्टरनंतरची सुट्टी. सगळं गाव नेहमीसारखं कुंपण ओलांडून मैदानात आलं, गार्नेट काय बोलतो ते ऐकायला. मी मध्ये उभा होतो. इतक्यात माणसांनी वाट करून दिली आणि मामा आले. लांब कोट, खाली जुने बूट, लेस घट्ट बांधलेली. तुम्ही मागून त्यांची बाही धरून होतात. टाळ्या झाल्या. कोणीतरी ओरडलं, "सायलस, अजून एक मारायला देऊ का रे पोराला?"

"द्या की! पहिलं नाव माझ्या घरातच राहतंय," मामा म्हणाले आणि सगळे हसले. ते अगदी आपले मामा होते तेव्हा.

मग त्यांनी माझा दंड धरला, कानाशी आले आणि हळूच विचारलं, "पोरा, आज आपण समुद्राकडे मारतोय की कोठारांकडे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमचा चेहरा मी पाहिला. पण मी मैदान सोडलं त्याचं तुम्हाला वाटलं ते कारण नव्हतं, मामी. मी त्यांना उत्तर द्यायला तोंड उघडलं. समुद्राकडे पाहिलं. कोठारांकडे पाहिलं. दोन्हीकडे चार चार खांब होते, दोन्हीकडे पांढरा कोट घातलेला एक एक माणूस होता. मला माहीत नव्हतं.

मला माहीत नव्हतं, मामी. तीन क्वार्टर खेळून झाली होती आणि मी, माझं गाव, माझं मैदान, मला माहीत नव्हतं.

मामा माझ्या उत्तराची वाट बघत होते, लहान मुलासारखे, पूर्ण विश्वासाने. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही. मी म्हणालो, "चला, विचारून येऊ." आणि त्यांचा हात धरून चालायला लागलो.

गार्नेट मागून ओरडत होता, "एल्विन! कुठे चाललास? एक गोल राहिलाय, गाढवा!" एवढ्या लोकांत मी कधी कोणाला पाठ दाखवली नव्हती. बाबा गाडीजवळ उभे होते.  त्यांनी मागचं दार उघडलं.

पुढचं तुम्ही बघितलंत. आपण चौघे गाडीत. तुम्ही तुमचा स्कार्फ माझ्या डोक्याला गुंडाळलात. त्यांचे गोल झाले तेव्हा पलीकडचे हॉर्न वाजले. आपल्या दोन गोलांना आजूबाजूच्या सगळ्या गाड्या वाजल्या, फक्त आपली नाही. बाबांनी तळहात हॉर्नवर न दाबता उपडा धरला होता, स्वतःपासूनच सांभाळत असल्यासारखा. मामा विचारत होते, "हा कोण खेळतोय माझ्या जागेवर? पाय बरा आहे त्याचा."

तीन पॉईंटांनी हरलो. एक गोल कमी पडला. कोणता, ते सगळ्यांना माहीत आहे.

आज सकाळी चर्चमध्ये आमच्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. पेंटर क्लबमध्ये गेला होता. खडू पुसला म्हणे, पण लाकडावर थोडा उरतोच. टिच आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "तुला काय झालं होतं रे?" मी खरं सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "मलाही मागच्या वर्षीची एक अख्खी मॅच आठवत नाही. मला वाटायचं, बिअरमुळे."

आणि घाईघाईने निघून गेला.

एल्विन


ॲडलेड
२४ सप्टेंबर

अरे एल्विन,

बरेच दिवसांत तुझं पत्र नाही. आळशी झालास की काय?

चार गोल राहिलेत म्हणे. भ्यायचं काय त्यात? खेळायचं! मी येणार आहे बघायला. बूट पॉलिश करून ठेवलेत. फायनल कधी ते कळव. तुझी मामी विचारलं की स्वयंपाकघरात निघून जाते.

निपला माझ्याकडून एक मोठं हाड दे.

मामा


पोर्ट ट्रेवीन
रविवार, २८ सप्टेंबर

प्रिय मामी,

मामांचं पत्र आलं. तुम्ही पाकिटाच्या मागे लिहिलं आहे की ते रोज विचारतात, आणि खरं सांगितलं की प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखे रडतात. म्हणून सोबत एक पत्र पाठवतोय. ते विचारतील तेव्हा त्यांना द्या. वाचून झालं की परत घ्या आणि पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा द्या. मी त्याच्यावर तारीख घातलेली नाही. पहिल्यांदाच एखाद्या पत्रावर घातली नाही. कागद जाड घेतला आहे, घड्यांवर फाटू नये म्हणून.

बाबांनी मला ॲडलेडच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं आहे. पुढच्या वर्षी, आणि कदाचित पुन्हा कधीच, मी खेळणार नाही. सकाळची परीक्षा चालू आहे. बहुतेक दिवस पास होतो.

त्या पत्राच्या मी दोन प्रती केल्या. दुसरी आईच्या कपाटात आहे, आणि ती कशासाठी हे तिला मी सांगितलं आहे. मजकूर तोच. फक्त वर माझं नाव आहे आणि खाली आईचं.

एल्विन


प्रिय मामा,

तुमचं पत्र पोचलं. निपला हाड दिलं.

क्लबमध्ये जाऊन मी स्वतः पाहून आलो. बोर्डावर पहिलं नाव तुमचंच आहे. तुमच्या वर कोणी नाही.

आज आपण समुद्राकडे मारतोय. वारा मागून आहे. बूट घालून पायरीवर बसा, न्यायला कोणीतरी येईल. घाई करू नका. मॅच अजून सुरू व्हायची आहे.

तुमचा,
एल्विन